बोरिंगला दिलेलं इंजिन

डोळा लागलाय की अजून लागायचाय, हे मला नीटसं कळत नाही. पाठीखाली वाकळ आहे, वाकळीखाली सोप्याची गार फरशी, आणि उशाशी हातभर उंचीवर आमच्या बुलेटचं इंजिन लोंबकळतंय. ज्या कडीला ते टांगलंय ती खरं तर पाळण्याची कडी. माझा पाळणा तिलाच होता, माझ्या दोन्ही पोरांचाही तिलाच. घरच्या घरी इंजिन उतरवायचं-चढवायचं तर त्या कडीशिवाय आमच्याकडे इलाज नाही. आईचं जुनं लुगडं दुहेरी करून इंजिनच्या पोटाखालून घ्यायचं, त्याला दोर बांधायचा, दोर कडीतून ओवायचा. एकानं दोर धरायचा आणि दुसऱ्यानं इंजिनाला गाडीच्या सांगाड्यात वाट दाखवायची. ही आबांची पद्धत. दोन माणसं लागतात. मी सकाळपासून एकटा आहे, आणि दोराचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधलेलं आहे.

आबा म्हणजे माझे वडील, हिंदुराव चौगुले. फौंड्रीत छत्तीस वर्षं टर्नर. जयसिंगपुरात आमच्या गल्लीत पत्ता विचारायचा तर लोक नंबर सांगत नाहीत, "बुलेटवाल्याच्या पुढं दोन घरं" असं सांगतात. उद्या त्यांचं वर्षश्राद्ध. आत आई डाळ निवडतेय. वर्षभरात तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली: वर्ष घालायच्या आत ती गाडी होती तशी करून ठेव. बाकी ती एका शब्दानं बोलली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

कारण इंजिन काढलं होतं मीच. आबांना खोटं सांगून काढलं, आणि दोन वर्षं, ते मरेपर्यंत, रोज नवं खोटं सांगून परत बसवलं नाही. ते गेल्यापासून मी स्वतःला एकच प्रश्न विचारतोय. त्यांना ठाऊक होतं का? ठाऊक असेल तर मी एक वाईट मुलगा. ठाऊक नसेल तर मी काय, याचा विचार मी करत नाही. तेवढी अक्कल मला आहे.

खालचा लांब बोल्ट सांगाड्याच्या एका पट्टीतून घालून, इंजिनच्या भोकातून नेऊन, पलीकडच्या पट्टीतून काढायचा, एवढंच काम आहे. भोकं जुळत नाहीत. अर्धा इंच इकडे, नाहीतर अर्धा इंच तिकडे. जेवलो, पाच मिनिटं म्हणून आडवा झालो. डाळीतले खडे ताटात पडताना वाजतात. एक वाजला, बऱ्याच वेळानं दुसरा वाजला. तिसरा वाजलाच नाही.

इंजिन हलतंय. वीज सकाळीच गेलीय, पंखा बंद आहे, वाऱ्याचा पत्ता नाही. तरी ते इकडून तिकडे संथ झुलतंय आणि वर कडी कुरकुरतेय.

"झोका जोरात देऊ नगंस. जागं हुईल."

स्टुलावर आबा बसलेत. खाकी हाफ पँट, बाह्यांचा बनियन, गळ्यात मळकं फडकं. दोराचं टोक त्यांच्या डाव्या हातात आहे. उजवा हात मांडीवर ठेवलाय, एखादी पिशवी ठेवावी तसा. लकवा झाल्यापासून तो तिथंच असायचा. मेल्यावर तरी सुटला असेल, असं मला वाटलं होतं.

"आबा, तुम्ही गेलाय ना?"

"व्हय. म्हणून काय हितं यायचं न्हाई? घर कुणाचं हाय?"

"तुमचं."

"गाडी?"

"तुमचीच."

"मग मढ्यासारखा पडलायस काय? ऊठ."

मेलेल्या माणसानं मला मढं म्हणावं, याचं मला हसू येतं. आबा हसत नाहीत. माझ्या कुठल्या बोलण्याला ते कधी हसले नाहीत, माझं हसं मात्र त्यांनी गावभर केलं.

"पाना दे. मोठा."

पाना घ्यायला वळतो तर सोप्याची पलीकडची भिंत नाही. तिथं फौंड्रीचं शेड सुरू होतं. लेथ ओळीनं चालू आहेत, लोखंडाचा चुरा उडतोय, तेलाचा तोच वास. मी चोपन्न वर्षांचा आहे, चष्मा आहे, पोट सुटलंय, पण हातात आबांचा जेवणाचा डबा आहे आणि मी तिथं शाळेतून थेट आल्यासारखा उभा आहे. मी पाना उचलतो. तो चुकीचा निघतो. दुसरा उचलतो. तोही चुकीचा.

"बघा, बघा आमचं ध्यान," आबा लेथवरच्या लोकांना सांगतात. मग माझ्याकडं बघून म्हणतात, "तुझ्या हातात लकवा भरलाय काय रं?"

सगळे हसतात. लेथही थांबून हसल्यासारखे वाटतात.

हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय, याचा हिशोब नाही. कप फुटला की हे वाक्य. सायकलची चेन उतरली की हे वाक्य. माझ्या लग्नात मंगळसूत्राचा फासा बसेना, तर मांडवात अडीचशे माणसांसमोर हेच वाक्य. पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून चिकटलो तेव्हा त्यांनी पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "बरं झालं. पेन काय, हलकं असतंय." बुलेटला त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. मी फक्त पाने आणून द्यायचे आणि चुकीचे आणल्याबद्दल बोलणी खायची.

मग त्यांना खरोखर लकवा झाला.

बरोबर पाना अखेर माझ्या हाताला लागतो. तो घेऊन मी आबांकडे जातो, तर ते खाटेवर आहेत. मिरजेच्या दवाखान्यातला वॉर्ड. दोन खाटांच्या मधोमध बुलेट स्टँडवर उभी आहे, इंजिनाच्या जागी नुसतं भगदाड. नर्स येते, आबांच्या सलाइनची बाटली बुलेटच्या आरशाला अडकवते आणि निघून जाते. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

मी पाना आबांच्या उजव्या हातात ठेवतो. तो पडतो. मी उचलून परत ठेवतो. परत पडतो. आजूबाजूचे पेशंट माना वळवून बघतात.

"म्हण की," आबा म्हणतात.

"काय?"

"त्या दिशी म्हणला हुतास ते. चांगलं म्हणला हुतास. परत म्हण, सगळी ऐकू देत."

"मला आठवत नाही आबा."

"मला आठवतंय."

मलाही आठवतं. वाचणाऱ्यापासून काय लपवायचं? दवाखान्यातून घरी येऊन तीन महिने झाले होते. आई देवळात गेली होती. आबा अंगणात गाडीची चेन ताणायला बसले आणि पाना त्यांच्या हातातून तीनदा पडला. मी दारात चहाचा कप घेऊन उभा होतो. तिसऱ्यांदा पडला तेव्हा मी म्हणालो, "तुमच्या हातात लकवा भरलाय काय?" अगदी त्यांच्याच चालीत म्हणालो. चाळीस वर्षं तोंडात धरलेली गुळणी होती ती. टाकल्यावर इतकं मोकळं वाटलं की उरलेला चहा मी तिथंच उभा राहून चवीनं संपवला. आबांनी वर पाहिलं नाही. डाव्या हातानं पाना उचलला आणि परत कामाला लागले.

वॉर्डमध्ये मी ते वाक्य म्हणत नाही. 

"दम न्हाई," आबा शेजारच्या खाटेवरच्याला सांगतात. "एकटं गाठून बोलणारी जात."

ते खाटेवरून उतरतात आणि बुलेटचं हँडल धरून चालू लागतात, एका हातानं, पाय ओढत. मी मागून ढकलतो. दवाखान्याची फरशी ओली होते, मग चिखल होते, मग दोन्ही बाजूंना ऊस येतो. पाती तोंडावर घासतात. मला कळतं आपण कुठं चाललोय, आणि मी ढकलायचं थांबवतो. गाडी थांबत नाही.

शिरोळच्या बाजूला माझ्या मेव्हण्याचं पंपाचं शेड आहे. आबा जाईपर्यंत दोन वर्षं इंजिन तिथं होतं.

ते तिथं कसं गेलं, ते सांगायला हवं. लकवा होऊन पाच-सहा महिने झाले असतील. एका रविवारी सकाळी गल्लीत बुलेटचा आवाज आला. मी धावत बाहेर आलो. आबा गाडीवर होते. उजवा हात त्यांनी रुमालानं मुठीला बांधून घेतला होता आणि खांद्याच्या झटक्यानं ते मूठ फिरवत होते. गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळले आणि परत आले. लोक दारादारांत उभे राहून टाळ्या वाजवत होते. आबा उतरले, दातांनी रुमालाची गाठ सोडली आणि माझ्याकडं न बघता आत गेले.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना सांगितलं की गाडी धूर मारतेय, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन उतरवून कोल्हापूरला बोरिंगला, म्हणजे सिलिंडर आतून कातून घ्यायला, द्यावं लागेल. सगळे म्हणाले, शहाणं पोरगं. बापाच्या जिवाला जपतंय, आणि त्याचं मनही न दुखवता. मीही तसंच म्हणालो. अजूनही कुणी विचारलं तर तसंच म्हणतो.

आबांनी इंजिनावरून डावा हात फिरवला. मग म्हणाले, "कोण उतरवणार? तू?"

"हो. तुम्ही सांगा, मी उतरवतो."

ते दिवसभर ह्याच स्टुलावर बसून होते. टाकी कशी सोडवायची, कार्बोरेटर काढल्यावर तोंडात फडकं का कोंबायचं, कुठला बोल्ट आधी ढिला करायचा आणि कुठला सगळ्यांत शेवटी, हे ते मला सांगत होते. मी अर्धे पाने चुकीचे उचलले. ते म्हणायचे, "त्यो न्हवं, शेजारचा." बस्स, एवढंच. दिवसभरात एक वाकडा शब्द नाही. बोल्ट ते स्वतः डाव्या हातानं पुसून, ज्याचा त्याचा नट त्यालाच लावून डब्यात ठेवत होते. संध्याकाळी कडीवरून दोर सोडत सोडत मी इंजिन वाकळीवर उतरवलं, एक चरा न उमटवता. आबा म्हणाले, "हात बसला बघ तुझा." आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. मी एक्कावन्न वर्षांचा होतो.

त्याच रात्री मी इंजिन टेंपोत घालून मेव्हण्याच्या शेडात टाकून आलो.

शेड आता समोर आहे. दार उघडंच आहे. आत कोपऱ्यात पोती. आबा गाडी लावतात आणि पोत्यांकडे बोट दाखवतात. मी पोती उचलतो. खाली इंजिन आहे. त्याच्या शेजारी, तसंच पोतं पांघरून, आबाही झोपलेत.

"हितं ठेवला हुतास व्हय मला?" झोपलेले आबा विचारतात.

"तुम्हाला नाही. इंजिनाला."

"गारठा लई हुता. उंदरं बी."

मी मागं वळतो, उभे असलेले आबा दिसतील म्हणून. तिथं कुणी नाही. पोत्याखालचे आबा एका हाताचा आधार घेत उठतात, अंगावरचा भुसा झटकतात आणि रोज संध्याकाळी विचारायचे तोच प्रश्न विचारतात. मी ऑफिसातून आलो, चपला काढायच्या आत, दाराशीच ते विचारायचे.

"बोरिंगवाला काय म्हणतोय?"

"पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला," माझ्या तोंडातून आपोआप निघतं.

दोन वर्षं हेच. पिस्टन मिळत नाही. मशीन बिघडलंय. मापात चूक झाली, परत करायला लागणार. बोरिंगवाल्याची सासू वारली. त्या नसलेल्या माणसाच्या नसलेल्या सासूला मी दोन वेळा मारलं, दिवाळीच्या आधी एकदा आणि गुढीपाडव्याला एकदा. आबांनी दोन्ही वेळा "अरारा" केलं.

"कंची सासू?" आबा विचारतात. "एकाला किती सासवा असत्यात?"

 म्हणजे त्यांच्या लक्षात आलं होतं. मी विचारायला तोंड उघडतो, पण आम्ही सोप्यात आहोत. वर कडी कुरकुरतेय. इंजिन लुगड्यात लोंबकळतंय आणि सांगाड्यात अर्धं शिरलंय. आबा स्टुलावर, दोर त्यांच्या डाव्या हातात. हात ताणानं थरथरतोय.

"इचारायचं ते मागनं इचार. हे धूड मी किती येळ धरू? भोकं जुळली काय बघ."

मी वाकतो. अंधारात दिसत नाही. सकाळपासून जे दिसलं नाही ते आता कुठून दिसणार? मी उजव्या हाताचं पहिलं बोट पट्टीच्या भोकात घालतो, आतून चाचपतो. इंजिनचं भोक लागतं. जुळतंय. जवळजवळ जुळलंय.

आणि इंजिन खाली येतं.

सगळं नाही, बोटाच्या जाडीइतकं. माझं बोट पट्टी आणि इंजिन यांच्या मधे सापडतं. ओरडलेलंही मला ऐकू येत नाही, एवढी कळ येते.

"भोकात बोट घालायचं न्हाई म्हणून कितींदा सांगितलंय?" आबा म्हणतात. आवाज शांत आहे. "टोच्या घालायचा. बोट न्हाई. फौंड्रीत चार जणांची बोटं मी डब्यात घालून दवाखान्यात न्हेलीत."

"आबा, वर घ्या! वर घ्या आधी!"

"घेतो की. का काढलंस त्ये सांग."

"काय?"

"इंजिन. का काढलंस?"

"तुमच्या जिवाला धोका होता. पडला असता कुठंतरी."

दोर त्यांच्या हातातून जरासा सुटतो. नखातून काहीतरी फुटल्याचा आवाज येतो, भुईमुगाची शेंग फुटावी तसा.

"का काढलंस?"

"आईला झोप लागत नव्हती. तुम्ही गाडी काढाल म्हणून—"

इंजिन आणखी एक सूतभर खाली येतं.

"आईला मधी घालू नगंस. ऑफिसात अर्ज लिवतोस तसं नगं. तोंडानं सांग."

मी रडतोय. चोपन्न वर्षांचा माणूस, गुडघ्यांवर, नाक गळतंय. आबा बघताहेत. त्यांना घाई नाही. मेलेल्या माणसाला कसली घाई?

"तुम्ही हात बांधून चालवलीत," मी म्हणतो. "गल्ली टाळ्या वाजवत होती. मला दोन हात होते, आणि त्या गाडीवर तुम्ही मला एकदा बसू दिलं नाहीत. तुम्ही एका हातानं गेलात आणि आलात. मला ते बघवलं नाही."

दोर थांबतो.

"फुडं."

"तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत बसावं, असं मला वाटत होतं. मी कधी येतो, काय सांगतो, म्हणून वाट बघत. जशी मी तुमच्या तोंडाकडं बघत आयुष्य काढलं तशी. आणि तुम्ही बसलात. रोज बसलात. मला मजा आली."

"किती?"

"लई," मी म्हणतो. हा त्यांचा शब्द. मी घरात कधी वापरत नाही.

आबा मान हलवतात, एखाद्या जॉबचं माप बरोबर आल्यावर हलवायचे तशी. दोर ताणतात. इंजिन केसभर वर जातं. बोट अजून आत आहे, पण श्वास घेता येतो. आता नाही विचारलं तर कधीच नाही.

"आबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

आबा हसतात. मला बघून, माझ्या बोलण्यावर, पहिल्यांदा.

"पैल्या दिसापास्नं. गाडीत धूर न्हवता आणि माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू न्हवता. छत्तीस वर्षं मशीनवर काढली, मला तू रिंगा शिकवतोस?"

"मग रोज का विचारत होता?"

"आज काय थाप मारतोस त्ये बघायला. घरात बसून माणसानं करायचं काय? दुपार झाली की मी तुझ्या आईला म्हणायचो, आज बोरिंगवाल्याचं कोण मरतंय बघू. तुझी गोष्ट ऐकली की मला झ्याक झोप लागायची."

खरं सांगतो, माझ्या छातीवरून कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटतं. बोट चिरडलंय, आणि मला नाचावंसं वाटतं. फसवला गेला तो मीच. मी त्यांना खेळवत नव्हतो, ते मला खेळवत होते. ते निर्दय, मी निर्दय, बापाचा मुलगा शोभलो, विषय संपला. भोळ्या माणसाला मी छळलं नाही. भोळं तिथं कुणी नव्हतंच.

"बरं झालं आबा," मी म्हणतो. "फार बरं झालं."

"बरं झालं व्हय?"

त्यांचं हसू जातं. ते माझ्याकडं असं बघतात की त्या बघण्याला मला नाव देता येत नाही. शिव्या देताना ते असं कधी बघत नसत. मग ते डावा हात उघडतात आणि दोर सोडून देतात.

मी वाकळीवर उठून बसलोय. वीज आलीय, पंखा फिरतोय. इंजिन कडीला होतं तिथंच, होतं तितक्याच उंचीवर टांगलेलं आहे. दोराचं टोक गजाला बांधलेलं आहे, माझीच गाठ. स्टुलावर कुणी नाही.

माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख काळंनिळं झालंय. मधोमध उभी चीर गेलीय आणि तिच्यातून रक्त येऊन वाकळीवर रुपयाएवढा डाग पडलाय. बोट ठणकतंय. जेवताना ते धड होतं. याच बोटानं मी ताटातली चटणी पुसून खाल्ली होती.

आई दारात उभी आहे. "वरडलास का रं?" बोट बघते आणि आत जाते. हळदीचा डबा आणि जुन्या धोतराची पट्टी घेऊन येते. माझ्यासमोर बसते. ऐंशीच्या घरातली बाई, पण हात स्थिर आहेत. हळद भरताना मी कळवळतो.

"आई, इंजिन मी बोरिंगला दिलंच नव्हतं."

"ठाऊक हाय. शिरोळला हुतं. तुझ्या मेव्हण्याची बायको बोलली मला, त्याच महिन्यात."

"मग मला बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तू रोज काय काय सांगायचास आणि ह्यास्नी रोज बरं वाटायचं."

मला हसू फुटतं. दुखतंय तरी फुटतं. "त्यांना काय बरं वाटतंय? त्यांना सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. माझी मजा बघत होते."

आई पट्टी गुंडाळायची थांबते. "कोण म्हणलं तुला?"

कोण म्हणलं, ते तिला कसं सांगू?

"त्यास्नी काय ठाऊक न्हवतं," ती म्हणते. "मी एकदा सांगितलं. म्हणलं, पोरगं फसवतंय तुम्हाला, तुमचं इंजिन उसात पडलंय. जेवाय बसले हुते. डाव्या हातानं भरलं ताट भिरकावलं माझ्यावर. म्हणले, रणजित खोटं बोलायचा न्हाई. माझ्यासमोर त्यानं ते खोललंय, मी शिकवलंय त्याला. परत असलं तोंडातनं काढलंस तर ह्या घरात ऱ्हायचं न्हाई."

वरच्या पंख्याच्या वाऱ्यानं लुगड्याचा काठ हलतोय. मी त्याच्याकडं बघत राहतो, कारण आईकडं बघवत नाही.

"जायच्या आदल्या दिशी बी तेच," ती म्हणते. "पोराला कामं लई, बोरिंगवाल्याकडं जायला सवड मिळंना त्याला, तू त्याच्या मागं लागू नगंस म्हणून मलाच सांगत हुते."

ती पट्टीचं टोक दातांनी फाडते, दोन पदर करते आणि बोटाभोवती गाठ मारते. पट्टीतून पिवळं आणि तांबडं दोन्ही वर यायला लागलंय.

"घट्ट झालं काय?"

"नाही," मी म्हणतो.